प्रवाशांत कुणी डॉक्टर आहे का?

१५ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री दिल्लीहून मुंबईला निघालेल्या इंडिगोच्या विमानात एका प्रवाशाला दरदरून घाम फुटला आणि गरगरायला लागलं. विमानात डॉक्टर आहेत का, अशी विचारणा झाली तेव्हा उठून गेले ते त्या वेळचे केंद्रीय अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड. मराठवाड्यात त्यांची ओळख राजकारणाआधी बालशल्यचिकित्सक म्हणून होती. रुग्णाचा रक्तदाब उतरला होता. कराडांनी त्याचे कपडे सैल केले, पाय वर उचलून धरले, छाती चोळली, ग्लुकोज दिलं. अर्ध्या तासात माणूस सावरला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी जाहीर कौतुक केलं आणि मंत्र्याने सहप्रवाशाचे प्राण वाचवल्याची बातमी सगळीकडे झाली.

बातमी मंत्रिपदाची झाली. मला त्यातला उपचार जास्त महत्त्वाचा वाटतो. लहान मुलांच्या अवघड शस्त्रक्रिया करण्यात आयुष्य घालवलेल्या सर्जनने त्या रात्री जे केलं, त्यात शस्त्रक्रियेचं कौशल्य कुठेच लागलं नाही. आडवं करणं, पाय उंच धरणं, साखर देणं आणि शेजारी बसून राहणं एवढंच लागलं. विमानातल्या वैद्यकीय मदतीच्या बहुतेक हकिगतींच्या मुळाशी हीच गोष्ट सापडते.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ ते २०१० या काळातल्या, पाच विमान कंपन्यांच्या उड्डाणांतल्या ११,९२० वैद्यकीय प्रसंगांची नोंद तपासली. २०१३ साली ती 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. दर ६०४ उड्डाणांमागे एक प्रसंग, असं प्रमाण निघालं. त्यातले ३७ टक्क्यांहून अधिक प्रसंग चक्कर येणं किंवा शुद्ध हरपणं या प्रकारचे होते. श्वासाच्या तक्रारी १२ टक्के, मळमळ-उलटी साडेनऊ टक्के. मृत्यूचं प्रमाण हजारात तीन. आणि जवळजवळ निम्म्या प्रसंगांत, म्हणजे ४८ टक्के वेळा, मदतीला आलेली व्यक्ती प्रवासी म्हणून बसलेला कुणी तरी डॉक्टर होता.

जयसिंगपूरच्या माणसाला डॉक्टर जवळ असण्याची इतकी सवय आहे, की हा निम्म्याचा आकडा त्याला कमी वाटेल. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेलं हे आखीव रस्त्यांचं, बाजारपेठेचं गाव. उदगाव मागे टाकून अंकलीचा कृष्णेवरचा पूल ओलांडला की सांगली आणि मिरज. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून या पट्ट्यात कर्नाटकातून, कोकणातून रुग्ण येत राहिले. इथल्या कुटुंबाला रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर काय करायचं, हा प्रश्न पडत नाही. गाडी काढायची आणि पूल ओलांडायचा. पण याच घरांतली मुलं आता बंगळुरूला, दुबईला, अमेरिकेत असतात. त्यांचे साठी-सत्तरीतले आईवडील कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून, बेळगावहून किंवा मुंबईहून विमानात बसतात. एखाद्याला मधुमेह असतो, एखादीला रक्तदाब, कुणाच्या हृदयात स्टेंट बसवलेला असतो. या घरांनी विमानातला दवाखाना कसा चालतो, हे समजून घ्यायला हवं.

पहिली गोष्ट हवेची. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडतं. तिथल्या विरळ हवेत माणूस काही मिनिटंही शुद्धीवर राहू शकत नाही, म्हणून आतल्या हवेचा दाब वाढवून ठेवलेला असतो. पण तो जमिनीइतका नसतो. आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा तेवढा असतो. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर. म्हणजे विमानात खुर्चीत बसलेला प्रत्येक प्रवासी कळसूबाईच्या माथ्यापेक्षा वरची हवा तासन्‌तास घेत असतो. धडधाकट माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथे नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी त्याला काही जाणवत नाही. ज्याचं हृदय किंवा फुप्फुस आधीच काठावर आहे त्याला मात्र जाणवतं. त्यात हवा अतिशय कोरडी, पाणी कमी प्यायलेलं, जागरण, तासन्‌तास लोंबते पाय. चक्कर येण्याची सगळी सामग्री तिथे जमलेली असते. म्हणूनच पाय उंच करून आडवं केल्यावर इतकी माणसं सावरतात: पायांत साचलेलं रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे परततं.

दाब कमी झाला की वायू फुगतो. केबिनमध्ये तो जमिनीच्या तुलनेत साधारण तीस टक्क्यांनी फुगतो. कानाला दडे बसतात ते यामुळे, पोट फुगल्यासारखं वाटतं तेही यामुळे. दाबाची यंत्रणा चुकली तर काय होतं, ते २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात दिसलं. केबिनमध्ये हवा भरणारी कळ सुरू करायची वैमानिकांकडून राहून गेली. विमान वर चढत गेलं आणि तीसएक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. विमान मुंबईला परतलं. कळ एकच, पण ती विसरली की निरोगी माणसंही जखमी होतात.

आता आजाऱ्याजवळ आलेल्या डॉक्टरची अवस्था पाहा. इंजिनांच्या आवाजात स्टेथोस्कोपमधून हृदयाचे ठोके आणि फुप्फुसांचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. रक्तदाब घ्यायचा तर पट्ट्यातली हवा सोडताना कानाने ऐकण्याऐवजी बोटाने नाडी चाचपावी लागते. नाडी लागते तो वरचा आकडा, खालचा मिळतच नाही. रुग्ण दोन खुर्च्यांच्या फटीत अडकलेला असतो. मधली वाट इतकी अरुंद की त्याच्या शेजारी गुडघे टेकायला जागा नसते, म्हणून त्याला ओढत खानपानाच्या जागेपर्यंत न्यावं लागतं. रुग्णाची फाइल नाही, नातेवाईक सोबत असतीलच असं नाही, त्याची भाषा येईलच असंही नाही. आणि दीडशे माणसं मान वळवून बघत असतात.

हाताशी असतात त्या पेट्या. एक प्रथमोपचाराची, ती कर्मचारी स्वतः उघडतात. दुसरी मोहोरबंद, डॉक्टरसाठी राखलेली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने या दुसऱ्या पेटीत काय असावं याची शिफारस केली आहे आणि ती यादी वाचण्यासारखी आहे. स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र, सुया-सिरिंजा, शिरेत घालायची नळी, सलाइन, घसा उघडा ठेवण्याची नळी, तोंडावर धरून हवा भरण्याची पिशवी. औषधांत अ‍ॅड्रिनलिन, ग्लुकोजचं तीव्र द्रावण, अ‍ॅस्पिरिन, जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन, दम्याचा फवारा, अ‍ॅलर्जीचं आणि झटक्यांचं इंजेक्शन. शिवाय लघवीची नळी, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारं औषध आणि नाळेला लावायचा चिमटा. ज्याने कुणी ही यादी केली, त्याने विमानात जन्म होतात हे गृहीत धरलं होतं. ते बरोबरच होतं. जून २०१७ मध्ये दम्मामहून कोचीला निघालेल्या विमानात अरबी समुद्रावर एक बाळ जन्मलं. प्रवासी म्हणून बसलेल्या एका परिचारिकेने कर्मचाऱ्यांच्या मदतीने ती सुटका केली आणि विमान मुंबईकडे वळवलं गेलं. जुलै २०२५ मध्ये मस्कतहून मुंबईला येणाऱ्या विमानातही असंच घडलं. तिथेही एक परिचारिकाच पुढे आली होती.

परिचारिकांचा विमानाशी संबंध तसा जुना आहे. मे १९३० मध्ये अमेरिकेत एलन चर्च नावाची तरुणी जगातली पहिली हवाई सेविका झाली. ती प्रशिक्षित परिचारिका होती आणि तिच्याबरोबर नेमलेल्या पहिल्या सेविकाही परिचारिकाच होत्या. आजच्या हवाई सेविका परिचारिका नसतात, पण शुद्ध हरपलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी यंत्र कसं लावायचं, ऑक्सिजनची बाटली कुठे आहे, हे त्यांना शिकवलेलं असतं. पुढे आलेल्या डॉक्टरपेक्षा विमान त्यांना जास्त माहीत असतं. ज्या डॉक्टरांनी हवेत चांगलं काम केलं, त्यांनी या मुलींवर हुकूम सोडले नाहीत. त्यांच्याबरोबर काम केलं.

आणखी एक डॉक्टर जमिनीवर असतो. पुष्कळ विमान कंपन्यांनी जमिनीवरच्या वैद्यकीय सल्लाकेंद्रांशी करार केलेले असतात. तिथले आपत्कालीन विभागातले डॉक्टर चोवीस तास रेडिओवर किंवा उपग्रह फोनवर उपलब्ध असतात. विमानातला त्वचारोगतज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञ हृदयविकाराच्या रुग्णापुढे गोंधळला तर त्याला तिथून आधार मिळतो. विमान मध्येच कुठे उतरवायचं का, याचा निर्णय मात्र यांपैकी कुठलाच डॉक्टर घेत नाही. तो वैमानिकाचा. खाली विमानतळ दिसतो म्हणून तिथे उतरता येतं असं नसतं: मोठ्या विमानाला लांब धावपट्टी लागते, इंधनाने भरलेलं विमान उतरण्यासाठी जड असू शकतं, आणि जिथे उतरायचं त्या गावात हृदयविकाराचा विभाग असलेलं रुग्णालयही हवं. वर सांगितलेल्या अमेरिकी नोंदीत फक्त सात टक्के प्रसंगांत विमान वळवलं गेलं.

आपल्याकडे अशी वळवलेली विमानं अनेकदा नागपूरला उतरतात. देशाच्या मध्यावर असल्यामुळे कितीतरी हवाई मार्ग त्याच्या डोक्यावरून जातात. २७ ऑगस्ट २०२१ ला मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बिमान बांगलादेशच्या विमानात खुद्द कप्तानालाच हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान नागपूरला सुखरूप उतरवलं, कप्तान मात्र काही दिवसांनी तिथल्याच रुग्णालयात वारला.

बरोबर दोन वर्षांनी, २७ ऑगस्ट २०२३ ला, बंगळुरूहून दिल्लीला निघालेल्या विस्ताराच्या विमानातून मदतीची हाक गेली. जन्मजात हृदयरोग असलेल्या, बंगळुरूत शस्त्रक्रिया होऊन परतणाऱ्या एका चिमुकलीचं अंग निळं पडलं होतं. नाडी लागत नव्हती, हातपाय गार. त्या विमानात दिल्लीच्या एम्सचे पाच डॉक्टर होते. एका वैद्यकीय परिषदेहून ते परतत होते. त्यांच्यात भूलतज्ज्ञ होत्या, हृदयाच्या प्रतिमा वाचणारे होते, स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली. त्या हलत्या केबिनमध्ये, इवल्याशा हातात शिरेची सुई बसवली. ज्यांनी तान्ह्या बाळाला सलाइन लावताना पाहिलं आहे, त्यांना हे काय काम आहे ते कळेल. घशात नळी घातली. हृदय पुन्हा सुरू झालं आणि पुन्हा थांबलं. एईडी वापरलं. पाऊण तास हे चालू होतं. विमान नागपूरला उतरलं तेव्हा बाळाचं हृदय चालत होतं आणि त्यांनी ते तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या हवाली केलं. देशभर आनंदाच्या बातम्या छापल्या गेल्या.

ते बाळ ३१ ऑगस्टला नागपूरच्या रुग्णालयात दगावलं. ही बातमी पहिल्या बातमीइतकी वाचली गेली नाही. पण विमानातली मदत म्हणजे काय, हे समजायला दोन्ही बातम्या एकत्र वाचाव्या लागतात. डॉक्टर हवेत रोग बरा करत नाहीत, वेळ मिळवून देतात. त्या पाच जणांनी आईबापांना चार दिवस मिळवून दिले, सुसज्ज रुग्णालयातल्या उपचारांची संधी मिळवून दिली. त्यांच्या कामाचं मोल शेवटामुळे तसूभरही कमी होत नाही.

दुखापतीचं प्रकरण आणखी वेगळं, कारण तिथे केबिनमधली हवा स्वतःच जखमीवर उलटू शकते. याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण मे १९९५ मधलं आहे. हाँगकाँगहून लंडनला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानात एक महिला चढली. विमानतळावर येताना ती मोटरसायकलवरून पडली होती. हात दुखत होता, पण घरी जायची ओढ. विमान सुटण्याआधी तिने तक्रार केली तेव्हा दोन डॉक्टर पुढे आले: नॉटिंगहॅमचे अस्थिशल्यतज्ज्ञ प्राध्यापक अँगस वॉलेस आणि डॉ. टॉम वाँग. त्यांनी हाताला फळी बांधली. प्रकरण मिटलं असं वाटलं. उड्डाणानंतर तासाभराने ती बूट काढायला वाकली आणि छातीत कळ उठली, श्वास घेता येईना.

तिच्या बरगड्याही मोडल्या होत्या आणि फुप्फुसाला भोक पडलं होतं. अशा वेळी फुप्फुसातून निसटलेली हवा छातीच्या पोकळीत साचते. विहिरीवरच्या मोटारीच्या फूट व्हॉल्व्हमध्ये पाणी एकाच बाजूने जातं, परत फिरत नाही. तशी ही हवा आत जाते पण बाहेर येत नाही. दर श्वासाला ती वाढते, फुप्फुस चेपतं आणि मग हृदयालाही बाजूला ढकलू लागते. त्यात विमान वर चढलं, केबिनचा दाब उतरला आणि साचलेली हवा आणखी फुगली. जमिनीवर बेताची असलेली इजा हवेत जीवघेणी झाली. विमान उतरवेपर्यंत थांबण्यासारखी स्थिती नव्हती.

उपाय वॉलेसना माहीत होता: छातीत नळी घालून हवेला वाट करून द्यायची आणि बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवायचं. पण पेटीत छातीची नळी नव्हती. लघवीची होती. ती मऊ, छातीच्या भिंतीतून आत जाणार कशी? त्यांनी कोट टांगायच्या हँगरची तार सरळ केली आणि नळीत ओवली. निर्जंतुक करायला विमानातली ब्रँडी वापरली. पेटीत हृदयाच्या ठोक्यांसाठी ठेवलेलं लिग्नोकेन होतं, त्याने कातडी बधिर केली. कॉलरबोनच्या खाली छेद घेऊन नळी आत सरकवली आणि तिचं दुसरं टोक पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत सोडलं. बाटलीत बुडबुडे आले. काही मिनिटांत तिचा श्वास मोकळा झाला. उरलेला प्रवास तिने जेवून-खाऊन केला. वॉलेस यांनी त्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ही हकिगत लिहिली.

हँगरची तार आणि ब्रँडी यांमुळे ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला त्यातली बाटली थोर वाटते. पाण्यात बुडवलेली नळी ही तपासून पाहिलेली, साधी पद्धत आहे. मिरजेच्या किंवा सांगलीच्या कुठल्याही वॉर्डात छातीत नळी घातलेल्या रुग्णाच्या खाटेखाली ती बाटली दिसते. वॉलेसनी नवा उपचार शोधला नाही. उपचारामागचं तत्त्व त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं, की सामान बदललं तरी ते अडले नाहीत. आणि गोष्टीचा दुसरा अर्धा भाग प्रवाशांसाठी आहे: अपघात झाला असेल, छातीला मार लागला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानात बसू नये. तिकीट फुकट जाईल या भीतीने माणसं दुखणं लपवतात. विमान कंपन्या प्रवासास योग्य असल्याचा दाखला मागतात तो कटकट म्हणून नव्हे.

एका जखमीची गोष्ट झाली. एकाच क्षणी वीस-पंचवीस जखमी झाले तर? १ मे २०२२, महाराष्ट्र दिनी, मुंबईहून दुर्गापूरला निघालेलं स्पाइसजेटचं विमान उतरताना वादळी हवेत सापडलं. १४ प्रवासी आणि तीन कर्मचारी जखमी झाले. कुणाचं डोकं फुटलं, कुणाच्या पाठीच्या कण्याला मार लागला. त्यातला एक प्रवासी सप्टेंबरमध्ये रुग्णालयात वारला. मे २०२३ मध्ये दिल्लीहून सिडनीला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानाला असेच हादरे बसले, सात प्रवाशांना मुरगळणं-लचकणं झालं. प्रवाशांतले एक डॉक्टर आणि एक परिचारिका यांच्या मदतीने कर्मचाऱ्यांनी प्रथमोपचार केले. लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान २१ मे २०२४ ला म्यानमारवर असताना पाच सेकंदांच्या आत असं उचललं आणि आपटलं गेलं, की पट्टा न बांधलेले लोक छताला जाऊन धडकले. विमान बँकॉकला उतरवलं. एका वृद्ध प्रवाशाचा मृत्यू झाला आणि बँकॉकच्या रुग्णालयात कण्याला इजा झालेले २२ जण दाखल झाले.

अशा वेळी डॉक्टर एकच आणि विव्हळणारे वीस. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे आधी जायचं नसतं, कारण ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. गप्प पडलेला आधी पाहायचा. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरायचं आणि ते दाबायचं काम शेजारच्या प्रवाशाला द्यायचं. मान दुखते म्हणणाऱ्याला हलवायचं नाही. हाड मोडलेल्या हाताला घडी केलेलं मासिक आणि ओढणीही पुरते. इथेही तेच: मोठं ज्ञान कमी, साधं काम जास्त.

आणि यातली बहुतेक दुखापत टळण्यासारखी असते. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात हवेच्या हादऱ्यांनी १६३ जण गंभीर जखमी झाले, त्यांत १२९ विमानातले कर्मचारी होते आणि ३४ प्रवासी. कर्मचारी जास्त, कारण ते उभे असतात, चहाच्या गाड्या ढकलत असतात. प्रवासी बसलेले असतात आणि त्यांच्याजवळ पट्टा असतो. पट्टा बांधण्याची खूण विझली तरी बसल्या जागी पट्टा सैलसर बांधून ठेवावा. निरभ्र आकाशातही हादरे बसतात आणि ते रडारवर दिसत नाहीत.

आता डॉक्टरांविषयी. हाक आली की काही डॉक्टर खुर्चीत बसून राहतात, हे डॉक्टरच खासगीत सांगतात. भित्रेपणापेक्षा त्यामागे कायद्याची धास्ती जास्त असते. माणूस दगावला तर? ती धास्ती समजण्यासारखी आहे, पण तिला आधार कमी आहे. अमेरिकेने १९९८ साली खास कायदा करून विमानात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. घोर निष्काळजीपणा असेल तरच तो जबाबदार. आपल्याकडे विमानासाठी असा वेगळा कायदा नाही. पण भारतीय न्याय संहिता भारतात नोंदलेल्या विमानात, ते जगात कुठेही असलं तरी, लागू होते आणि तिच्या ३० व्या कलमानुसार, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. जुन्या दंड संहितेत हेच ९२ वं कलम होतं. सद्हेतू म्हणजे नुसता चांगला विचार नव्हे. योग्य ती काळजी घेणं त्यात येतं. आणि परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे, की जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. मद्य घेतलं असेल तर पुढे होऊ नये. आपली विद्याशाखा कोणती ते सांगावं, रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला विचारून हात लावावा, काय केलं ते लिहून द्यावं. एवढं पुरतं.

जे उठतात ते उठतातच. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनहून बंगळुरूला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात बर्मिंगहॅमचे यकृततज्ज्ञ डॉ. विश्वराज वेमला आपल्या आईला घेऊन चालले होते. एका प्रवाशाचं हृदय बंद पडलं. ते सुरू करायला त्यांना सुमारे तास लागला, नंतर ते पुन्हा बंद पडलं. विमान मुंबईला उतरेपर्यंत जवळजवळ पाच तास ते त्याच्यापाशी होते. या कामात इतर प्रवाशांनी आपापल्या पिशव्यांतून रक्तदाबाचं यंत्र, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, साखर मोजायचं यंत्र काढून दिलं. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्याहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात खानापूरच्या माजी आमदार डॉ. अंजली निंबाळकर यांनी कोसळलेल्या अमेरिकी महिलेची छाती दाबून तिला शुद्धीवर आणलं आणि पुढेही तिच्याजवळ थांबल्या. राजकारणात गेल्यावरही हात विसरले नव्हते.

पण डॉक्टर नसलेली उड्डाणंही असतातच. आणि हृदय थांबल्यावर दर मिनिटाला जगण्याची आशा घटत जाते. डॉक्टर मागच्या रांगेतून येईपर्यंत कुणी तरी छातीवर हात ठेवलेले असायला हवेत. छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलत. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सामान्य माणसाला फक्त छाती दाबण्याची ही पद्धत शिकवली जाते. तोंडाने श्वास द्यावा लागत नाही, पदवी लागत नाही. पाय उंच करणं, साखर देणं, रक्त दाबून धरणं हे तर दहावीच्या मुलालाही जमतं.

म्हणून विमानात बसणाऱ्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे. आईवडिलांची औषधं मोठ्या बॅगेत घालून खाली सोडू नका, हातातल्या पिशवीत ठेवा; आजारांची आणि गोळ्यांची यादी इंग्रजीत एका कागदावर लिहून पासपोर्टजवळ ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. बरं वाटत नसेल तर संकोच न करता लगेच कर्मचाऱ्यांना सांगावं. न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसू नये. आणि जयसिंगपूर, शिरोळ, सांगली, मिरज या भागात डॉक्टरांची कमी नाही. इथल्या शाळा-महाविद्यालयांनी त्यांना वर्षातून एकदा बोलवावं आणि प्रत्येक मुलाकडून, प्रत्येक शिक्षकाकडून छाती दाबण्याचा सराव करून घ्यावा. हे शिकलेला माणूस विमानातच नव्हे, एसटी स्टँडवर आणि आपल्या घरातही उपयोगी पडेल.